सीएफपी व्हायचंय? मग या चुका टाळा

बी.कॉम.चे निकाल लागले की मला हमखास एक प्रश्न येतो : ‘सीएफपीची परीक्षा अवघड असते का हो?’ पहिली चूक या प्रश्नातच आहे. सीएफपी, म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर (प्रमाणित आर्थिक नियोजक) होणं म्हणजे परीक्षा देणं, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. भारतात हे प्रमाणपत्र एफपीएसबी इंडिया ही संस्था देते आणि त्यासाठी शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि आचारसंहिता अशा चारही अटी पूर्ण कराव्या लागतात. बारावीनंतर अभ्यास सुरू करता येतो. पण नावापुढे सीएफपी लावायचं तर पदवी हवी आणि अनुभवही दाखवावा लागतो. गुंतवणूक नियोजन, निवृत्ती व कर नियोजन, जोखीम व वारसा नियोजन आणि शेवटी हे सगळं एकत्र गुंफणारं एकात्मिक नियोजन असा अभ्यासाचा पसारा आहे. मुलं यात कष्ट घेतात. अडकतात ती बहुधा दुसरीकडेच.

प्रमाणपत्र हा परवाना नाही

माझ्या ओळखीतल्या एका हुशार तरुणाने निकाल लागताच व्हिजिटिंग कार्डं छापली आणि ओळखीच्यांकडून फी घेऊन कोणते फंड घ्यावेत, कोणते विकावेत हे सांगायला सुरुवात केली. आपण नियम मोडतोय याची त्याला कल्पनाच नव्हती. सीएफपी ही पात्रतेची खूण आहे. फी घेऊन शेअर, म्युच्युअल फंड, रोखे यांबद्दल सल्ला द्यायचा तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, 2013 च्या गुंतवणूक सल्लागार नियमांखाली नोंदणी लागते. त्यासाठी एनआयएसएमच्या एक्स-ए आणि एक्स-बी या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. एनआयएसएम म्हणजे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला जिचा परिसर आहे, ती सेबीने उभी केलेली संस्था. तिच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी नूतनीकरण करायला विसरू नका.

इथेच जुन्या माहितीवर विसंबून माघार घेणारेही भेटतात. ‘पाच लाखांची नेट वर्थ (कर्ज वजा जाता उरणारी मालमत्ता) आणि पाच वर्षांचा अनुभव मी कुठून आणू?’ असं ते म्हणतात. डिसेंबर 2024 मध्ये सेबीने या दोन्ही अटी काढल्या. आता ठराविक रकमेची ठेव ठेवून तिच्यावर लीन (परवानगीशिवाय ती मोडता येऊ नये असा हक्क) नोंदवून द्यावा लागतो. क्लायंट 150 पर्यंत असतील तर ती ठेव 1 लाख रुपयांची असते आणि क्लायंट 1000 च्या वर गेले की 10 लाखांची. छोट्या गावात एकट्याने काम सुरू करणाऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे, आणि तो पुरेशा लोकांपर्यंत पोचलेला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

फी नको, कमिशनवर काम करायचंय, असं असेल तर वाट निराळी. एनआयएसएमची व्ही-ए परीक्षा देऊन आणि ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेचा एआरएन हा नोंदणी क्रमांक घेऊन म्युच्युअल फंड वितरक होता येतं. मात्र एकाच क्लायंटकडून सल्ल्याची फी आणि त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन, असं दोन्ही घेता येत नाही. सेबीची नोंदणी नसताना पाटीवर ‘वेल्थ ॲडव्हायझर’सारखं नाव लावणंही चालत नाही.

चूक होऊन गेली असेल तर? फी घेणं आजच थांबवा, ज्यांच्याकडून घेतली त्यांना खरी स्थिती सांगा, आणि नोंदणीचा अर्ज करण्याआधी या क्षेत्रातल्या वकिलाला किंवा सीएला कागद दाखवा. त्या तरुणाने हेच केलं. जवळपास सगळे क्लायंट पुढेही त्याच्याकडेच राहिले.

अनुभव आधी लिहून ठेवा

सेबीने अनुभवाची अट काढली असली तरी सीएफपीसाठी ती आहेच. अनुभव तीन वर्षांचा हवा, किंवा जाणत्या नियोजकाच्या देखरेखीखाली एक वर्षाचा. तो नियोजनाच्या कामाचा असावा लागतो. बँकेत तीन वर्षं काढली म्हणजे अट आपोआप भागली असं नाही. तुम्ही रोख काउंटरवर होतात की ग्राहकाशी बसून त्याची उद्दिष्टं, उत्पन्न, कर्ज, विमा यांवर बोलत होतात, हा खरा प्रश्न आहे. नियोजनाच्या सहा पायऱ्या मानल्या जातात : कामाची व्याप्ती ठरवणं, माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण, शिफारशी मांडणं, अंमलबजावणी आणि आढावा. यातलं आपण या महिन्यात काय केलं ते दर महिन्याला वहीत टिपा. नोकरी सोडताना कामाचं स्वरूप स्पष्ट लिहिलेलं अनुभवपत्र मागून घ्या, नुसतं हुद्द्याचं नको. चार वर्षांनी जुन्या साहेबांचा माग काढणं फार जिकिरीचं होतं.

सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), वकील अशांसाठी फास्ट ट्रॅक मार्ग आहे. त्यांना सुरुवातीचे टप्पे गाळता येतात आणि घात तिथेच होतो. करात मुरलेला सीए विम्याच्या गरजेचं गणित सहज चुकवतो. टप्पा माफ झाला तरी त्याचं पुस्तक वाचा.

गणितात कुठे पाय घसरतो

महिन्याला 10,000 रुपयांची एसआयपी, 20 वर्षं, वार्षिक परतावा 12 टक्के. बहुतेक जण 12 ला 12 ने भागून महिना 1 टक्का धरतात आणि उत्तर सुमारे 98.93 लाख काढतात. पण 12 टक्के हा वर्षाचा प्रभावी दर, म्हणजे महिन्यामहिन्याची चक्रवाढ धरून वर्षअखेरीस पडणारा दर, असेल तर महिन्याचा दर 0.9489 टक्के येतो आणि रक्कम होते सुमारे 91.12 लाख. पावणेआठ लाखांचा फरक! उद्या समोर मुलीच्या शिक्षणाचं नियोजन करायला आलेलं कुटुंब असेल, तेव्हा हा फरक त्यांच्या खिशातला असेल.

निवृत्तीच्या गणितात 8 टक्के परताव्यातून 6 टक्के महागाई नुसती वजा करू नका. 1.08 ला 1.06 ने भागा, महागाई वगळून उरणारा खरा दर 1.887 टक्के येईल. निवृत्तीनंतरचा खर्च वर्षाच्या सुरुवातीला लागतो, म्हणून फायनान्शियल कॅल्क्युलेटर बिगिन मोडवर (रक्कम काळाच्या सुरुवातीला धरणाऱ्या; एंड मोड ती शेवटी धरतो) घ्या. पहिल्या वर्षी 6 लाख खर्च आणि 25 वर्षांचा काळ धरला तर बिगिनवर सुमारे 120.95 लाख लागतात आणि एंडवर 118.71 लाख दिसतात. उत्तर पर्यायांशी जुळत नसेल तर सूत्र पुन्हा पाठ करत बसण्याआधी हा मोड तपासा.

जुन्या नोट्स वापरू नका. 23 जुलै 2024 पासून शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के आणि अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के कर आहे. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026 असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात. तुमच्या परीक्षेसाठी कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा धरलाय, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्या.

वारसा नियोजन शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

हा भाग ‘कमी गुणांचा’ म्हणून मागे पडतो. प्रत्यक्ष कामात मात्र सगळ्यात जास्त रडारड इथेच पाहिली आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 ला हे स्पष्ट केलं आहे. तरी ‘नॉमिनेशन केलंय, मृत्युपत्र कशाला?’ असं उत्तरपत्रिकेत आणि बैठकीत दोन्हीकडे ऐकू येतं.

एकच साचा सगळ्यांना लावणं ही त्याहून मोठी चूक. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात तर चित्रच वेगळं. लग्नाआधी निराळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि मुलं असतील तर आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा तसा देता येतो. पगार सोडून इतर उत्पन्न करासाठी नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरलं जातं. सावंतवाडीचा नियोजक म्हापशातल्या कुटुंबाला आपल्याकडचाच मृत्युपत्राचा नमुना देऊ लागला, तर योजना पहिल्याच पानावर कोसळेल. म्हणून माहिती घेण्याच्या फॉर्ममध्ये, उत्पन्नाच्याही आधी, ‘तुम्हाला कोणता वारसा कायदा लागू होतो?’ ही ओळ घाला.