स्थलांतरितांच्या कादंबरीत घर कसं वाचायचं

माझ्याकडे फोंड्यात एमएची मुलं सेमिनारचं घेऊन येतात, परदेशात वाढलेली दुसरी पिढी आणि त्यांच्यावर घरच्यांचा परिणाम असा विषय असतो, आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं ‘दोन संस्कृतींमधला संघर्ष’. ते आधी खोडा. त्यातून काहीच कळत नाही, कोण कुणाशी कशावरून भांडतंय हेसुद्धा नाही.

सुरुवात एकाच कादंबरीपासून करा. झुंपा लाहिरीची ‘द नेमसेक’ (2003) बरी पडते, अमेरिकेत राहणाऱ्या एका बंगाली कुटुंबाची गोष्ट आहे. पहिल्यांदा नुसती वाचा, पेन्सिल लावू नका. दुसऱ्यांदा वाचताना वही घ्या आणि घरात कुठली गोष्ट कोण ठरवतं तेवढंच टिपत जा, म्हणजे नाव, घरात बोलायची भाषा, जेवण, सुट्टीत कुठं जायचं, लग्न. मोठी भांडणं सगळ्यांनाच दिसतात हो, पण मुलगा त्या देशात कसा मिसळतो हे बहुतेक वेळा अशा बारीक गोष्टींतच ठरलेलं असतं.

नावाचंच बघा. आईबाप बाळाच्या नावासाठी आईच्या आजीच्या कलकत्त्याहून येणाऱ्या पत्राची वाट बघतात, ते पत्र पोचतच नाही, म्हणून घरातलं गोगोल हे नाव कागदावर चढतं. पुढे शाळेत घालताना ते निखिल सांगतात, पण मुलगा त्या नावाला ओ देत नाही आणि बाई मुलाचं ऐकतात. इथं थांबा आणि लिहून ठेवा की निर्णय घरानं घेतला नाही, शाळेनं घेतला. घराची ताकद कुठं संपते हे अशा जागी दिसतं. अठराव्या वर्षी तो कायद्यानं निखिल होतो, आणि रशियन लेखकाचं गोगोल हे नाव वडिलांनी का ठेवलं, रेल्वे अपघातातून ते कसे वाचले, हे त्याला त्यानंतर कळतं. म्हणून वहीत एक रकाना ‘घरात काय सांगितलं नाही’ असा ठेवाच, माझ्या मते सगळ्यात जास्त तोच भरतो.

मग भावंडं शेजारी ठेवून बघा, हे मुलं हमखास विसरतात. गोगोलच्या उष्टावणात (त्यांच्यात अन्नप्राशन म्हणतात) ताटात माती, पेन आणि डॉलर ठेवतात, तो कशालाच हात लावत नाही, आग्रह केल्यावर रडतो. बहीण सोनिया मात्र मातीत खेळते, डॉलर तोंडात घालायला बघते, आणि पाहुण्यांपैकी कुणी म्हणतं, ही खरी अमेरिकन. घर तेच, आईबाप तेच, मग ‘कुटुंबाचा परिणाम’ असं एका ओळीत कसं लिहिणार? झेडी स्मिथच्या ‘व्हाइट टीथ’मध्ये (2000) तर बाप जुळ्यांपैकी एकाला संस्कारासाठी बांगलादेशात पाठवतो, तो परततो पक्का इंग्रज होऊन, आणि लंडनात राहिलेला दुसरा कट्टर धार्मिक गटात जातो. बापाची इच्छा एका बाजूला आणि प्रत्यक्षात झालं ते दुसऱ्या बाजूला, असे दोन वेगळे रकाने करा, नाहीतर इच्छेलाच परिणाम समजून बसाल.

अजून एक करा, पुस्तक मिटून बाहेर बघा. आपल्या गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेल्या घरांत मुलं आजीशी फोनवर कोंकणीत सुरू करतात आणि मधेच इंग्रजीत जातात, आणि इकडे वास्कोत कर्नाटकातून आलेल्या घरातली मुलगी दवाखान्यात आईसाठी दुभाषी होते, डॉक्टरचं ऐकून आईला कन्नडात सांगते. तिथं घर चालवतंय कोण, आई की मुलगी? हा प्रश्न घेऊन कादंबरीकडे परत या, आईबापांसाठी फोन घेणारी, फॉर्म भरणारी मुलं शोधा. पण शेजारच्या कुणाची गोष्ट नावानिशी सेमिनारमध्ये घालू नका, त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

लिहायला बसाल तेव्हा तीनच प्रसंग घ्या, प्रत्येकाचा पान नंबर द्या, आणि पहिलं वाक्य असं लिहा की त्यात माणूस असेल, त्यानं केलेली कृती असेल आणि घरातली जागा असेल.