पंचमचं बॅकग्राउंड: सुरुवात कुठून करायची

संगीतकार राहुल देव बर्मन, म्हणजे पंचम, यांची गाणी मुंबईत शोधावी लागत नाहीत. रिक्षात, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या हॉलमध्ये ती आपसूक कानावर पडतात. त्यांचं पार्श्वसंगीत, म्हणजे वाजवणारी मंडळी ज्याला नुसतं 'बॅकग्राउंड' म्हणतात ते, मात्र मुद्दाम बसून ऐकावं लागतं. १९६१ च्या 'छोटे नवाब'पासून पुढे तीनशेहून जास्त चित्रपट, आणि त्यातलं बहुतेक बॅकग्राउंड रेकॉर्डवर कधी आलंच नाही. ते संवाद, टापा आणि गोळीबार यांच्या खाली दबलेलं आहे. अशा वेळी सालवार यादी करून बसलात तर तिसऱ्या-चौथ्या चित्रपटाला कंटाळाल. त्यापेक्षा एकच चित्रपट घ्या, रीळ-रीळ करून नीट ऐका, मग पुढे सरका. तो एक चित्रपट 'शोले'.

'शोले'च का? एक तर गोष्ट आणि संवाद तुम्हाला पाठ असतात, त्यामुळे कान मोकळे राहतात. दुसरं, टायटल म्युझिक पॉलिडॉर कंपनीच्या मूळ रेकॉर्डवरच होतं, त्यामुळे चित्राशिवायही ते ऐकता येतं. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: संगीत कुठे द्यायचं नाही हेही या चित्रपटात शिकायला मिळतं.

आधी प्रत बघा

बसण्यापूर्वी कुठली प्रत ऐकताय ते तपासा, कारण निम्मा घोळ इथेच होतो. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' ७० एमएम आणि सहा ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक आवाजात लागला; ग्रँट रोडच्या मिनर्व्हात लोकांनी ऐकला तो तसा. घरी मिळते ती प्रत एक तर मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर असलेली, असते किंवा नंतर केलेलं मल्टिचॅनल मिक्स. नव्या मिक्समध्ये गोळ्या आणि स्फोट मोठे केलेले असतील तर त्यांच्याखालचं संगीत पातळ लागतं. दोन्ही मिळत असतील तर सुरुवात मोनोवर करा. तिथे वाद्यांचा एकमेकांशी असलेला तोल जसा ठेवला होता तसा ऐकू येतो.

पॅल या टीव्ही-पद्धतीच्या व्हीसीडी-डीव्हीडीत आणि टीव्हीवर आणखी एक भानगड असते. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, पॅल २५ ने. म्हणजे सगळं ४ टक्क्यांच्या आसपास जास्त वेगात जातं: तीन तासांचा चित्रपट सात मिनिटं आधी संपतो आणि स्वर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊण पट वर चढतो. पेटी घेऊन बसलात आणि चाल काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे कुठेतरी लागते असं वाटलं, तर पेटीवाल्याला दोष देऊ नका. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेल्या तुकड्यांत तर हक्कांच्या कटकटीतून सुटायला वेग किंवा पट्टी मुद्दाम हलवलेली असते. स्वर ओळखायचे असतील तर अधिकृत प्रतच धरा. आणि 'शोले'चे दोन शेवट उपलब्ध आहेत, एकात ठाकूर गब्बरला संपवतो, दुसऱ्यात पोलीस मधे येतात. शेवटच्या रिळाबद्दल मित्राशी वाद घालण्याआधी दोघांची प्रत एकच आहे ना ते बघून घ्या.

'झंकार' असं लिहिलेलं काहीही बाजूला ठेवा. त्यात मूळ ट्रॅकवर नंतर तालवाद्यं चढवलेली असतात, आणि पंचमचा ठेका नेमका कुठे जागा सोडतो तेच बुजतं. सॅक्सोफोन किंवा हवाईयन गिटारच्या 'इन्स्ट्रुमेंटल' रेकॉर्डही या कामाच्या नाहीत. त्या गाण्यांच्या चाली आहेत, बॅकग्राउंड नव्हे.

ऐकायचं कसं

लोकलमध्ये नको. बॅकग्राउंडमधल्या हलक्या जागा चर्चगेट फास्टच्या खडखडाटात पार बुडतात, मग आवाज वाढवला जातो आणि पुढच्याच गोळीला कान बधिर होतात. घरी, रात्री, कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोन लावून बसा. बेस बूस्ट आणि 'सराउंड'ची बटणं बंद. जुन्या ऑप्टिकल ट्रॅकमध्ये, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजात, अगदी खालचे आणि अगदी वरचे आवाज मुळातच कमी असतात. बूस्ट केल्यावर वाढते ती घरघर. आवाज एवढाच ठेवा की पात्रं समोर बसून बोलताहेत असं वाटावं, आणि मग तो हलवू नका.

एका बैठकीला एक रीळ पुरे. ३५ एमएमचं हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, आणि त्या काळी बॅकग्राउंड रेकॉर्डही रिळानुसारच व्हायचं: समोर पडद्यावर चित्र, वाजवणारे सगळे एकत्र, आणि चित्र कापलं गेलं की वाद्यही त्याच क्षणी थांबायला हवं. एखादा पीस अचानक तुटल्यासारखा वाटला तर तिथे प्रसंगाचा कट आहे का ते बघा. बहुतेक वेळा असतो.

प्रत्येक रीळ तीनदा घ्या. पहिल्यांदा नेहमीसारखं बघा. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. तिसऱ्यांदा आवाज बंद करून नुसतं चित्र बघा आणि संगीत कुठे हवं होतं असं तुम्हाला वाटतं ते वहीत टिपा. वहीत चार रकाने पुरतात: वेळ, वाद्य, पडद्यावर काय चाललंय, संगीत थांबलं कधी. चौथा रकाना भरायचा लोक विसरतात आणि मग हाती काहीच लागत नाही. संगीत कधी सुरू झालं हे कुणीही सांगेल. ते कधी काढून घेतलं यावर संगीतकाराची पारख होते.

'शोले'त कुठे थांबायचं

टायटलपासून सुरू करा, पण आधी ते नुसतं ऐका, चित्राशिवाय. गिटारचा धावता ठेका, त्यावर फ्रेंच हॉर्नची लांब ओळ. नंतर चित्र लावा. स्टेशनवर उतरलेला पाहुणा आणि रामलाल घोड्यांवरून हवेलीकडे निघालेत. माळरानावर पाश्चात्त्य वळणाची असलेली वाद्यं वाट गावातून जायला लागली की देशी होतात, आणि गाव मागे पडल्यावर पहिला रंग परततो. एक शब्दही न बोलता गावाची ओळख करून दिली जाते. नेमकी कुठली चौकट आली की वाद्य बदलतं ते टिपा.

मग माउथ ऑर्गन. जय संध्याकाळी वाजवत बसतो आणि हवेलीत राधा दिवे मालवते. पडद्यावर अमिताभ बच्चन, प्रत्यक्ष वाजवणारे भानू गुप्ता. या वाद्याशी पंचमचं नातं जुनं: 'सोलवाँ साल' (१९५८) मधल्या 'है अपना दिल तो आवारा'त आणि 'दोस्ती' (१९६४) मध्ये माउथ ऑर्गन त्यांनी स्वतः वाजवलाय. तो 'दोस्ती' लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा, हे विशेष. 'शोले'त ही चाल जितक्या वेळा येते तितक्या नोंदी करा. सोबत दुसरं काही वाजतंय का, चाल पूर्ण होते की अर्ध्यावर सोडलीय, राधा चौकटीत आहे की नाही. जय गेल्यानंतरच्या रिळात 'ये दोस्ती'चं संथ रूप आणि ही चाल यांच्या जागा वेगवेगळ्या लिहा. एक वीरूच्या वाट्याची आहे, दुसरी राधाच्या.

बसंतीच्या टांग्याच्या पाठलागाला तबला आहे, पंडित सामता प्रसाद यांचा. बनारसचा खुला, दमदार हात, आणि त्यात मिसळलेल्या टापा. इथे डोळे मिटून ऐकलं की टापा कुठे संपतात आणि तबला कुठे सुरू होतो ते धरणं अवघड जातं. दोन-तीनदा ऐका. एरवी अशा पाठलागाला ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी फुंकवाद्यं) आणि ड्रम्सचा मारा ठरलेला असायचा.

आता शांत जागा. गब्बर येतो तेव्हा खडकावर बुटांचा आणि पट्ट्याचा आवाज पुढे असतो. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तिथे झोपाळ्याची करकर लक्षात राहते. इमामसाहेबांच्या मुलाचं प्रेत येतं तेव्हा सन्नाटा, मग अजान. यातलं किती संगीतकाराचं, किती ध्वनिमुद्रकाचं आणि किती दिग्दर्शकाचं, हा वाद चहावर घालायला बरा आहे. ऐकणाऱ्याने एवढंच तपासावं की या जागेच्या आधीचं वाद्य किती सेकंद आधी थांबलं.

त्यानंतर

दुसरा चित्रपट त्याच वर्षाचा घ्या, 'दीवार'. लेखक तेच, सलीम-जावेद, पण शहर आपलं आणि गाणी दुय्यम. बारमधल्या प्रसंगात मागे उर्सुला वाझ यांच्या आवाजात इंग्रजी गाणं चालू असतं. पात्रं त्याच्यावर बोलत राहतात. गाणं बॅकग्राउंडसारखं वापरायचं म्हणजे काय, ते इथे समजतं. गोदामातल्या मारामारीचं रीळ 'शोले'तल्या ट्रेनच्या मारामारीशेजारी ठेवून ऐका.

याच लेखकांचा 'यादों की बारात' (१९७३) उलट्या टोकाचा. तिथे एक गाणंच भावांची ओळख पटवतं, त्यामुळे त्याच्या चालीचे तुकडे कुठे पेरलेत ते शोधत जायचं. वर्षांपेक्षा लेखक-दिग्दर्शक धरून पंचम ऐकणं जास्त फळतं, कारण बॅकग्राउंडला जागा पटकथा देते.

'सत्ते पे सत्ता' (१९८२) अख्खा नाही ऐकला तरी चालेल. बाबूची एन्ट्री मात्र सोडू नका. त्याच्या थीममधला तो घशातला गुळगुळ आवाज म्हणजे ॲनेट पिंटो यांनी केलेल्या गुळण्या. 'मेहबूबा मेहबूबा'तल्या फुंकलेल्या बाटल्या किंवा 'चुरा लिया'तला ग्लासवरचा टणत्कार ठाऊक असलेल्यांना नवल वाटणार नाही, पण गाण्यात गंमत असते आणि इथे तोच खेळ भीती घालायला वापरलाय.

मग आवाज खाली आणा: 'मासूम' (१९८३), 'इजाजत' (१९८७). तबल्या-ब्रासच्या सवयीच्या कानांना इथे काहीच घडत नाही असं वाटतं. दोन्हींत तिसरी फेरी, म्हणजे मुकं चित्र, आधी करा. मग फरक दिसतो. शेवटी 'परिंदा' (१९८९), बाबुलनाथच्या कबुतरांच्या रिळासाठी. गोळी, पंखांची फडफड आणि वाद्य यांचा क्रम लिहून काढा. 'तीसरी मंजिल' (१९६६) ला या सगळ्यानंतर परत जा. ब्रासचा तो तरुण जोर नंतर कुठे-कुठे आवरला गेला ते तेव्हाच कळतं.

वाद्यं ओळखता येत नाहीत ही तक्रार नेहमीची. त्यासाठी गाण्यांचा आधार घ्या. रंजित गजमेर यांचं मादल, म्हणजे नेपाळी ढोलकं, 'कांची रे कांची रे'त स्वच्छ आहे. ते कानात बसलं की बॅकग्राउंडमध्ये लगेच सापडतं. खरवडल्यासारखा आवाज 'रेसो-रेसो' या वाद्याचा, वाजवणारे अमृतराव काटकर. ठेक्यांची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर, अरेंजमेंटला बासू चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग, ही नावं श्रेयनामावलीत बघत चला. हे लोक असलेले आणि नसलेले चित्रपट वेगळे वाजतात.

संवादांची एलपी

एक वस्तू जमल्यास घ्या: 'शोले'च्या संवादांची एलपी. संवादांसाठी ती घरोघरी होती, पण त्यांच्या मागचं बॅकग्राउंडही तिच्यावर आपोआप आलं. चोरबाजारात मटण स्ट्रीटला बघा. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात. कव्हर फाटकं असलं तरी हरकत नाही, तबकडी उजेडात तिरकी धरा. केसासारखे वरवरचे ओरखडे नुसते चुरचुरतात. नखाला लागतो तो ओरखडा सुई उडवतो, ती घेऊ नका. तबकडी सपाट पृष्ठभागावर ठेवून वाकडी आहे का बघा, आणि दुकानात प्लेअर असेल तर दोन्ही बाजूंचा शेवट वाजवून घ्या, झीज तिथे आधी ऐकू येते. घरी आणल्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा आणि उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात वाळायला रात्रभर लागते. ओली तबकडी कव्हरात सरकवली तर मुंबईच्या दमटपणात तिला आठवड्यात बुरशी धरते, आणि ती चुरचुर मग धुऊनही जात नाही.