गाडीले एअर इनटेक घेताय? आधी आपली धूळ अन् ऊन पाहा

भाऊ, स्पोर्ट्स कारले कंपनीचा सोडून बाहेरचा इनटेक (इंजिनले हवा देणारा पाइप अन् फिल्टर) टाकायचा असन तर आवाज ऐकून घेऊ नका, आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते अन् बोनेटच्या आत तर त्याहून गरम राहते. उघडा कोन (शंकूसारखा) फिल्टर इंजिनजवळ बसवला का तो तेच गरम वारं ओढते. 45 च्या जागी 65 डिग्रीची हवा गेली तर ऑक्सिजन साधारण 6 टक्के कमी भेटते, मंग पावर कुठून येईन? म्हणून बंद डब्ब्याचा किंवा हीट शील्डवाला (इंजिनची गरमी अडवणारा पडदा असलेला), बाहेरून हवा घेणाराच पाहा.

पण कोल्ड एअरचा पाइप बंपरखाली लय खाली असन तर पावसाळ्यात नाल्यावरून पाणी असताना गाडी टाकूच नका, पाणी सिलिंडरमंदी गेलं का कनेक्टिंग रॉड वाकते.

फिल्टर तेलवाला कॉटनचा घेतला तर धुवून परत वापरता येते, पण तेल मोजूनच लावा. म्या एकदा जास्त लावलं, दारव्हा रोडले चेक इंजिनचा लाइट लागला, एमएएफ सेन्सरच्या (इंजिनात किती हवा जाते ते मोजणाऱ्या) बारीक तारेवर तेलाचा थर बसला होता. आपल्या कच्च्या रस्त्यासाठी मले कोरडा फिल्टरच बरा वाटते. विकणाऱ्याले आयएसओ 5011 (एअर फिल्टर तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) टेस्टचा रिपोर्ट मांगा, अन् एमएएफच्या जागी पाइपचा व्यास कंपनीच्या पाइपाएवढाच पाहिजे, नाहीतर हवेचं माप चुकते. कापूस वेचणीच्या दिवसात फिल्टर दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा.