कॅपमध्ये सीट मिळाली? आधी कॉलेज बघून या

इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत सीट स्वीकारायला थोडेच दिवस मिळतात. यादी लागली की लगेच निघा, पण कामाच्या दिवशी; सुट्टीच्या दिवशी रिकाम्या इमारतीवरून काही कळत नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही; म्हणून वरच्या पसंतीची कॉलेजं विकल्प भरण्याआधीच पाहिलेली बरी.

आधी आपल्या शाखेची प्रयोगशाळा पाहा. एका संगणकावर किती मुलं बसतात? यंत्रं चालू आहेत की नुसती मांडलेली? मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा. प्रवेश कक्षात नेमलेल्या मुलांपेक्षा ती मोकळं बोलतात.

एनबीए मानांकन शाखेला मिळतं, नॅकचं पूर्ण संस्थेला. फलकावरचं एनबीए तुमच्या शाखेचं आहे का, मुदत कधीपर्यंत, विचाराच. प्लेसमेंटचं सर्वांत मोठं पॅकेज सोडून द्या. शाखेतले किती पात्र होते, किती लागले आणि मधला (मीडियन) पगार किती, हेच कामाचं.

खासगी कॉलेजात शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी आणि कार्यालयातली रक्कम जुळवून पाहा. वसतिगृह, मेस, बस यांचे आकडे वेगळे लिहून घ्या. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका; कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर उकळलेल्या पैशाला, महाराष्ट्रात १९८७च्या कायद्यानं बंदी आहे.