स्टॉलचं भाडं भरलं म्हणजे प्रदर्शनाचा खर्च संपला? या चुका टाळा

हिंगणा एमआयडीसीत आमचा मसाला दळायच्या यंत्रांचा छोटा कारखाना आहे. दिवाळी आटोपली की नागपुरात प्रदर्शनांचा हंगाम लागतो. ॲग्रोव्हिजन २००९ पासून भरतंय, आधी रेशीमबागेत, अलीकडे दाभ्याच्या मैदानावर. त्याच्या आगेमागे लहानमोठी बरीच असतात. दर हंगामात कुणा ना कुणा नव्या उद्योजकाचा फोन येतो : "दादा, स्टॉल बुक करतोय, एवढ्यात भागेल ना?" तो सांगतो तो आकडा निव्वळ भाड्याचा असतो. आमच्या वहीत भाडं एकूण खर्चाच्या निम्म्यावर एकदाही गेलेलं नाही.

चूक पहिली : माहितीपत्रकातला दर हाच भाव समजणं

आकडा मांडून बघा. समजा, दर चौरस मीटरला ८,००० रुपये. तीन बाय तीनचा म्हणजे ९ चौरस मीटरचा स्टॉल ७२,००० ला पडतो. दोन बाजू उघड्या असलेला कोपरा हवा तर बहुतेक ठिकाणी वरचा दर लागतो. तो १० टक्के धरला तर ७९,२०० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, १४,२५६. एकूण ९३,४५६. परत मिळणारी अनामत वेगळी, आणि ती परत यायला वेळ लागतो.

जीएसटीची वजावट मिळते, म्हणजे भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो, पण बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तरच. म्हणून तो बुकिंगच्या अर्जावरच लिहा. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यवसायांसाठीच्या जीएसटीच्या ठोक कर योजनेत) असाल तर वजावट नाहीच, सगळा कर खर्चात धरा. मोफत वाटलेल्या नमुन्यांवरची वजावटही घेता येत नाही, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. दिल्ली-हैदराबादच्या प्रदर्शनाला गेलात तर हॉटेलच्या बिलात तिथल्या राज्याचा कर लागतो. नागपूरच्या नोंदणीवर तो वळता होत नाही.

चूक दुसरी : विजेचा फॉर्म न वाचणं

तयार स्टॉलमध्ये साधारणपणे तीन बाजूंना पार्टिशन, नावाची पट्टी, कार्पेट, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि ५ ॲम्पिअरचा एक प्लग मिळतो. ५ ॲम्पिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे जेमतेम ११५० वॉट. आमच्या पल्व्हरायझरची, म्हणजे दळायच्या यंत्राची मोटर ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॉट, आणि तीही थ्री फेजवर चालणारी.

एका प्रदर्शनात मी हा हिशोबच केला नव्हता. प्रदर्शकांसाठीच्या सूचनांच्या पुस्तिकेत मागे वीजजोडणीचा फॉर्म होता, त्याची मुदत तीन आठवडे आधीच संपलेली. पहिल्या दिवशी सकाळी काउंटरवर गेलो तर जोडणीचा दर दीडपट, शिवाय बोर्डापासून स्टॉलपर्यंतची केबल आमची. इलेक्ट्रिशियन यायला दुपारचे तीन वाजले. तोवर यंत्राच्या हॉपरमध्ये (माल टाकायच्या तोंडात) भिवापुरी मिरची भरलेली आणि यंत्र उभं. लोक थांबायचे, "चालवून दाखवता का?" विचारायचे आणि पुढे जायचे. तो दिवस अजून सलतो.

तेव्हापासून पैसे भरण्याआधीच आयोजकांना चार गोष्टी लेखी विचारतो : दर किलोवॉटला किती, मांडणीच्या दिवसांची वीज वेगळी लागते का, रात्री पुरवठा बंद होतो का, आणि उशिरा मागितलं तर किती जादा.

तुम्ही आधीच या कात्रीत सापडला असाल तर लहान सिंगल फेज मॉडेल आणा. पण १ एचपीची मोटरही सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि ५ ॲम्पिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारं बटण) पडतो. निदान १५ ॲम्पिअरचा प्लग मागून घ्या. तेही जमलं नाही तर कारखान्यातला चालू यंत्राचा व्हिडिओ टीव्हीवर लावा आणि दळलेली पूड लोकांच्या हातावर द्या. बंद यंत्रापेक्षा ती पूड जास्त बोलते.

चूक तिसरी : जाण्याची गाडी धरणं, येण्याची विसरणं

छोटा हत्ती ठरवताना आपण एका फेरीचं भाडं धरतो. गेटवर गाडीला रात्रीच आत सोडतात, मग हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचं भाडं लागतं. गेटपासून स्टॉलपर्यंतची हमाली वेगळी. जड यंत्राला फोर्कलिफ्ट लागते, आणि ती अनेकदा आयोजकांनी नेमलेल्या एजन्सीचीच घ्यावी लागते. शेवटच्या संध्याकाळी तर सगळ्यांनाच एकदम बाहेर पडायचं असतं आणि हमालीचा भाव तिथेच ठरतो. जाताना बोलतो त्याच वेळी येतानाचंही बोलून ठेवा. लाकडी खोके कुठे ठेवणार तेही विचारा. स्टॉलमागे जागा नसते.

परराज्यात ५०,००० रुपयांवरचा माल नेताना ई-वे बिल (माल वाहतुकीची जीएसटी पोर्टलवरची ऑनलाइन नोंद) आणि डिलिव्हरी चलन (विक्री न करता नेलेल्या मालाची पावती) हवं. तिथे विक्रीही करणार असाल तर तात्पुरती जीएसटी नोंदणी किमान पाच दिवस आधी मागावी लागते. ती ९० दिवसांपर्यंत चालते, पण अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. ती रक्कम अडकून राहते, म्हणून तिची सोय आधी करा.

चूक चौथी : "आपलंच तर गाव आहे"

घरच्या मैदानात राहण्याचा खर्च नाही, हे खरं. पण स्टॉलवर दोन माणसं पाच दिवस गुंतली की कारखान्यात तेवढेच हात कमी पडतात. त्यांची हजेरी, ओव्हरटाइम, जेवण, चहा, हिंगणा ते दाभा रोजची ये-जा, सगळं लिहा. उघड्या मैदानावर धूळ इतकी की माहितीपत्रकं दुसऱ्याच दिवशी मळकट दिसतात, थोडी जास्त छापा.

पुण्या-मुंबईहून कुणी तंत्रज्ञ येणार असेल तर तारखा बघा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत शहरातल्या खोल्या भरलेल्या आणि महाग असतात, मोर्च्यांमुळे रस्तेही वळवलेले असतात.

चूक पाचवी : अनुदान जमेस धरून खर्च करणं

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेतून स्टॉलभाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना सवलत जास्त आहे. अर्ज जरूर करा. पण आधी खर्च आपल्या खिशातून, परतावा नंतर, तोही प्रत्येक पावती जपली असेल तर. खर्चाच्या कागदावर ही रक्कम शून्यच लिहा.

चूक सहावी : प्रदर्शन संपलं की पैसेही संपणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. पाच दिवसांत वहीत नावं भरतात, कार्ड स्टेपल केलेली असतात, आणि आठवडाभराने ती वही कपाटात जाते. फोन करायला माणूस नाही, गावोगाव जायला डिझेलचे पैसे नाहीत. आम्ही आता एकूण अंदाजपत्रकातले १५ टक्के आधीच बाजूला काढतो आणि स्टॉलच्या सजावटीला त्यातला रुपयाही देत नाही. त्यातून वरुडला, अचलपूरला, वणीला जाणं होतं, गिऱ्हाइकाचीच हळद आणून दळून दाखवता येते.

मागच्या हंगामात एका बचत गटाच्या ताईंनी स्टॉलवर फक्त नाव लिहून दिलं होतं. त्यांच्या गावाला तीन फेऱ्या झाल्या. यंत्राची ऑर्डर मार्चमध्ये आली, मिरची वाळायला लागली तेव्हा.