क्वीन ऑफ काटवे पोरांना दाखवायचाय? आधी पट काढून ठेवा

सोलापुरात मे महिन्यातल्या दुपारी पोरांना बाहेर सोडता येत नाही, त्यात एक दुपार मीरा नायरच्या 2016 च्या क्वीन ऑफ काटवे या पिक्चरला द्याच. युगांडातल्या कंपाला शहरातली काटवे वस्ती, मका विकून घर चालवणारी आई, आणि तिची फियोना जिला बुद्धिबळ कशाशी खातात हेच माहीत नसतं ती पोरगी पुढं देशाकडून बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड, म्हणजे देशादेशांच्या संघांची स्पर्धा, खेळते. आणि हे सगळं खरं घडलंय बरं का, फियोना मुतेसी खरी आणि तिचे कोच रॉबर्ट कटेंडे पण खरे.

पिक्चर इंग्रजीत आहे, दोन तासांचा. आपल्याकडं कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या तेलुगू नाहीतर कन्नड, बारक्यांना ते उच्चार झेपत नाहीत, म्हणून रिमोट हातात धरा आणि थांबवत थांबवत घरच्या भाषेत सांगत चला. भावाचा अपघात आणि घरात पाणी शिरतं ते सीन आहेत, लहान असतील तर आधी सांगून ठेवा.

मोठा ब्रेक कुठं घ्यायचा तर फियोनाला एक चिमुरडी दाखवते की प्यादं पार शेवटच्या घरात पोचलं की वजीर होतं, तिथं. पिक्चर थांबवा आणि लगेच पट मांडा, उद्यावर ढकललं की गेलं. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे, दोघांची फक्त 8-8 प्यादी, बाकी सगळं डब्यात. पहिल्यांदा एक किंवा दोन घरं, नंतर एकेक, मारायचं तिरकं, मागं यायचं नाही, ज्याचं प्यादं आधी पलीकडं पोचलं तो जिंकला, सगळीच अडकली तर बरोबरी. सुरवातीला पोरं एकच प्यादं सुसाट पळवतात आणि ते मारलं जातं, मग दोन-तीन डावांनी हात पुढं जातो आणि मधेच थांबतो, आधी समोर बघतात. मला विचाराल तर बुद्धिबळ तिथंच सुरू होतं. मग रोज एकेक मोहरा वाढवा, हत्ती, उंट, वजीर, राजा, आणि घोडा शेवटी कारण ते अडीच घर डोक्यात बसायला वेळ लागतो.

घरातले आजोबा देशी पद्धतीनं शिकवत असतील तर शिकवू द्या, फक्त त्यात प्यादं ज्या घरात पोचलं त्या घरचा मोहरा होतं, स्पर्धेत मात्र राजा सोडून काहीही मागता येतं एवढा फरक सांगा.

रशियात ऑलिम्पियाडला फियोना हरते तो भाग अजिबात पळवू नका, आणि तेव्हा पोराला उपदेश पण नको, नुसतं शेजारी बसा. शेवटी नावं येतात तेव्हा टीव्ही बंद करू नका, प्रत्येक कलाकाराशेजारी खरा माणूस येऊन उभा राहतो, पोरं एकदम गप्प होऊन बघतात. मग आपल्याकडं अशी कोण आहे विचारलं तर नागपूरच्या दिव्या देशमुखचं सांगा, 2025 मध्ये 19 व्या वर्षी बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकली आणि त्याच जिंकण्यानं ग्रँडमास्टर झाली, म्हणजे बुद्धिबळातला सगळ्यात मोठा किताब मिळाला.

क्लासची घाई नको, पोरगं न सांगता पट मांडायला लागलं की चौकशी करा. पट घेताना चुंबकाचा चिमुकला नको, गुंडाळायचा मोठा घ्या. आणि स्पर्धेला पाठवायच्या आधी दोन गोष्टी घरीच पक्क्या करा: चाल खेळायला म्हणून ज्या मोहऱ्याला हात लावला तोच हलवायचा, आणि ज्या हातानं चाल त्याच हातानं घड्याळ, म्हणजे दोघांचा वेळ मोजणारं ते पटाशेजारचं, दाबायचं.