नाशकात स्टोनर रॉक बँड चालवायचा तर

स्टोनर रॉक म्हणजे जाड, संथ आणि खालच्या सुरातलं रॉक. ते वाजवायला घेतलेल्या नव्या बँडची पहिली तक्रार ठरलेली असते. घरी हेडफोनवर रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) डोंगराएवढा वाटतो आणि चौघं एकत्र वाजवायला लागले की नुसता गोंगाट होतो. मग प्रत्येक जण आपापला ॲम्प वाढवतो आणि गोंगाटच वाढतो. या संगीताला मोठा आवाज लागतो हे खरं, पण सूर किती खाली उतरवलाय, लय किती संथ धरलीय आणि खालच्या पट्टीत कोण कुणाला जागा देतंय, यावर त्याचं वजन ठरतं.

सूर खाली उतरवण्याची सुरुवात एका अपघातापाशी जाते. ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांना झेपावं म्हणून त्याने हलक्या तारा लावल्या आणि १९७१ पर्यंत सूर तीन अर्धस्वर खाली आणला. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस शॉपमध्ये घरातलं कुणी असेल, तर ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे कॅलिफोर्नियात पाम डेझर्टच्या कायस या बँडने सूर आणखी खाली, सी स्टँडर्डला नेला, गिटार बास गिटारच्या ॲम्पमधून वाजवली आणि वाळवंटात जनरेटर लावून कार्यक्रम केले.

सी स्टँडर्ड म्हणजे सहाही तारा चार अर्धस्वर खाली. इथे हमखास होणारी चूक म्हणजे गिटारवर असलेला १०-४६ चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तसाच उतरवणे. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे चार अर्धस्वरांत तो साधारण ३७ टक्क्यांनी घटतो. तार लोंबते, जोरात मारली की सूर आधी वर चढतो आणि मग खाली बसतो. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि तरी दोन गिटार एकत्र बेसूर वाजतात. १२-६० चा संच लावला की ताण जवळपास मूळ जागी येतो. वाजणारी तार २५.५ इंच लांब असलेल्या गिटारवर ११-५४ नेही भागतं. ड्रॉप सी करायचं असेल, म्हणजे फक्त सर्वांत जाड तार चार अर्धस्वर आणि बाकीच्या दोन, तर १०-५२ पुरतो.

जाड तारा चढवल्या की नटकडे, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीकडे बघा. खाच जुन्या तारेच्या मापाची असते. ६० ची तार तिच्यात अडकते आणि ट्यून करताना ‘टिक्’ करून उडी मारते. खाच बारीक कानशीने रुंद करायची, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नटच बदलावा लागतो. ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, रात्रभर नेक बसू द्या. शेवटी इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर जुळणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा निघाला तर सॅडल, म्हणजे तारेचं खालचं टेकण, मागे, उतरलेला निघाला तर पुढे. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटे पारा दहाच्या खाली जातो. थंडीतल्या रात्री गार गाडीतून काढलेली गिटार थेट स्टेजच्या दिव्यांखाली नेली तर दुसऱ्या गाण्यापर्यंत सूर हललेला असतो. अर्धा तास आधी केस उघडून ठेवा.

बासला चार तारांचा नेहमीचा संच चालत नाही. पाच तारांचा संच घ्या, सर्वांत बारीक तार बाजूला ठेवा आणि ६५ ते १३० च्या चार तारा लावा. १३० ची तार बी सुरासाठी बनलेली असते, ती एक अर्धस्वर चढवली की सी मिळतो. हा सी ३२.७ हर्ट्झचा. आठ इंची स्पीकरच्या सरावाच्या ॲम्पमधून तो निघतच नाही, ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वरांश. एक पंधरा इंची किंवा चार दहा इंची स्पीकरचं कॅबिनेट ही बँडची पहिली मोठी खरेदी असावी, दुसऱ्या गिटारच्याही आधी.

गिटारचा आवाज फाडून जाड करणाऱ्या फझ पेडलवर नवी मुलं सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत कमी विचार खर्च करतात. फझ फेस घराण्यातलं पेडल थेट गिटारला जोडलेलं हवं. त्याच्या आधी बफर (सिग्नलला ताकद देणारं सर्किट) असलेला ट्यूनर आला की आवाज किरकिरा होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून सूर साफ करण्याची सोय जाते. बिग मफ घराण्याला क्रमाचं फारसं काही नसतं, पण त्यात मधली पट्टी पोकळ असते. खोलीत एकट्याला ते भव्य वाटतं आणि ड्रम सुरू झाले की गिटार गायब होते. ॲम्पवरचा मिडल सहा-सातवर ठेवा आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण, मनाला वाटतं त्यापेक्षा थोडं कमी. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ घेण्याचा मोह होतो, पण ते तापमानाला हळवं असतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीजवळ गेला की त्याचा सूर गुदमरतो, तुटक येतो. इथल्या उन्हाळ्यात सिलिकॉन बरं. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि मधला पिन ऋण लागतो. जुन्या घडणीच्या जर्मेनियम पेडलला उलटं लागू शकतं, ते बॅटरीवरच चालवा.

आता जागा. फ्लॅटमध्ये हे संगीत बसत नाही आणि अंड्याचे ट्रे चिकटवून शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्यांनी फक्त वरची चमक कमी होते. बास थांबवायला वजन आणि हवाबंद फटी लागतात. एमआयडीसीतला गाळा किंवा शेड, कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला किंवा संध्याकाळनंतर, हा नाशकातला सर्वांत व्यवहार्य मार्ग. मालकाशी भाडं, वीज आणि कुलपाची किल्ली या तिन्ही गोष्टी कागदावर ठरवा. पत्र्याची शेड असेल तर पत्रा स्वतःच वाजतो, त्यामुळे आत वेगळी खोली उभारावी लागते. जिप्सम बोर्डचे दोन थर, आत ५० मिलिमीटर रॉकवूल आणि दाराला रबरी पट्टी. रॉकवूल भट्टी आणि पाइपच्या इन्सुलेशनला वापरतात, त्यामुळे ते औद्योगिक वसाहतीतच मिळतं. ते हाताळताना मास्क आणि पूर्ण बाह्या.

खोलीचं माप आवाज ठरवतं. १० बाय १२ फुटांच्या खोलीत १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते आणि १० फुटांची ५६ च्या. म्हणजे बासचे एफ शार्प आणि ए हे दोन सूर छाती दणाणून टाकतात आणि बाकीचे बुजतात. बासवादकाला वाटतं हात चुकतोय, प्रत्यक्षात खोली बोलत असते. कोपऱ्यांत जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या लावा, जाड आणि छतापर्यंत. बासचा ॲम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणा. चौरस खोली शक्यतो घेऊच नका, तिथे दोन्ही बाजू एकाच सुरावर घुमतात. आणि पहिल्या दिवसापासून कानात प्लग. ८५ डेसिबलला आठ तास हे मान्य प्रमाण धरलं आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. गेलेला कान परत येत नाही, ही एवढी गोष्ट या छंदात कुणीही हलक्यावर घेऊ नये.

लय संथ ठेवणं हे वेगापेक्षा अवघड काम. मिनिटाला ६५-७० ठोक्यांत दोन ठोक्यांमधली पोकळी मोठी असते आणि हात पुढे पळतो. ढोल पथकातून आलेले वादक नाशकात भरपूर मिळतात. त्यांचा दम आणि ताकद जबरदस्त असते, पण पथकात मिरवणूक चढत जाते आणि वेगही चढतो, ती सवय इथे मोडावी लागते. मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारं यंत्र) दुप्पट वेगाने लावून सुरुवात करा, नंतर फक्त पहिल्या मात्रेवर वाजू द्या आणि उरलेल्या स्वतः मोजा. एकच रिफ दहा मिनिटं, काही न बदलता. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे पटकन कळतं. जातं एकाच गतीने फिरतं आणि शब्द त्यावर झुलतात.

मराठीत गायचं असेल तर एक तांत्रिक अडचण लवकर समोर येते. आपले बरेच शब्द व्यंजनावर संपतात, त्यामुळे ‘डोंगर’ लांबवला तर ‘र’ अडखळतो. लांबवायचा स्वर आधीच्या अक्षरात धरा, किंवा ओळ ‘आ’, ‘ओ’वर संपेल अशी रचा.

कार्यक्रमाच्या ठिकाणी सगळ्यात आधी वीज तपासा, आवाज नंतर. मल्टिमीटर बँडच्या मालकीचा हवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. मंडपात आणि शेतावरच्या जनरेटरवर अर्थिंग बऱ्याचदा नुसतं नावाला असतं. गिटारच्या तारांना हात असताना माइकला ओठ लागला की बसणारा झटका तिथूनच येतो. स्टेजवरची सगळी वाद्यं एकाच फेजवर घ्या, दिवे दुसऱ्या. दोन फेजवरची उपकरणं एकमेकांना जोडली आणि काही बिघडलं तर ४०० व्होल्टचा धोका असतो. हम जावा म्हणून प्लगचा अर्थ पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) स्पीकर न जोडता चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. १६ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ८ ओहम होतात, ॲम्पचा खटका तिथे असू द्या, आणि स्पीकरला गिटारची केबल वापरू नका.

आपल्याकडच्या साउंडवाल्यांचा हात ऑर्केस्ट्रा, लग्न आणि गणेशोत्सवावर बसलेला असतो. त्यांच्याशी वाद न घालता एक कागद द्या: ड्रमला सहा माइक, बासला एक डीआय आणि एक माइक, गिटारला दोन, गळ्याला दोन, एकूण बारा चॅनल. सोबत एकच विनंती करा, गिटारमधला ९० हर्ट्झच्या खालचा आवाज कापा. एवढ्यानेच किक ड्रम आणि बास मोकळे होतात. उघड्यावर लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री दहाला बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतलं आहे. अर्जात आणि कॉलेजच्या पत्रात ‘हेवी रॉक’ लिहा. ‘स्टोनर’ शब्द नशेशी जोडलेला आहे, तो वाचून जागामालक आणि पालक दोघंही बिथरतात, आणि वाजवायला नशेची गरज कधीच नसते.

तारखा ठरवताना नाशिकचं पंचांग बघा. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने पथकातला ड्रमर तुमचा नसतो. निफाड-दिंडोरीकडचा कुणी बँडमध्ये असेल तर ऑक्टोबरची गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च द्राक्षांची काढणी आणि एप्रिलची खरड छाटणी सोडून बोला. जून-जुलै रेकॉर्डिंगला चांगले. रेकॉर्डिंगमध्ये गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाका, दोन्हींत गेन स्टेजपेक्षा कमी. बासचा फझ आणि स्वच्छ सूर वेगळ्या ट्रॅकवर घ्या, नाहीतर मिक्समध्ये तळ हरवतो. गाण्यात कुणाचा किती वाटा हे रेकॉर्डिंगच्या आधी लिहून सह्या करा आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी करा. स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून गेल्या बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. टी-शर्ट विकून तारा आणि भाडं सुटतं.

मुंबई-पुण्याला जाताना छोटा हत्ती ठरवला तर कॅबिनेट उभी, जाळीला जाळी लावून पट्ट्याने बांधा. पावसाळ्यात कसारा घाटासाठी ताडपत्री दुहेरी घ्या. कार्यक्रम संपल्यावर व्हॉल्व्ह ॲम्प बंद करून दहा मिनिटं हलवू नका. तापलेल्या व्हॉल्व्हला धक्का सोसत नाही, आणि तेवढ्या वेळात केबली गुंडाळून होतात.